हिवाळ्यापुरती कॅब

डेल्बर्टने ड्रिलचं टोक मडगार्डच्या पत्र्यावर टेकवलं आणि मान वळवून रूबेनकडे पाहिलं.

"पाडू का भोक?"

रूबेन ओयाला गॅरेजच्या कोपऱ्यात पालथ्या बादलीवर बसला होता. शिकारीचं लाल-काळं लोकरी जाकीट त्याने गळ्यापर्यंत बंद केलं होतं. जाकीट त्याचंच, पण आता ते मोठ्या भावाकडून मागून आणल्यासारखं दिसत होतं.

"मला काय विचारतोस? डॉक्टरला विचार," तो म्हणाला. "हल्ली या घरातलं सगळं त्यालाच विचारून होतं."

"विचारलं. तो म्हणाला, पेशंट पंचेचाळीस वर्षांचा आहे, ठिकठिकाणी गंजलाय, पण कळ सोसेल."

"मग पाड."

ड्रिल किंचाळलं. पत्र्याचे पिवळे-करडे वेटोळे खाली पडायला लागले. ट्रॅक्टरच्या पलीकडे आयली कॅबचा सांगाडा दोन्ही हातांनी धरून उभी होती. आवाज थांबेपर्यंत रूबेनने डोळे मिटून घेतल्याचं तिने पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवून ती नटबोल्टांच्या डब्यात काहीतरी शोधू लागली.

बागेतला छोटा ट्रॅक्टर तो. उन्हाळ्यात गवत कापायचा, शरदात लाकडं ओढायचा, आणि नोव्हेंबर लागला की पुढे बर्फ फेकणारा ब्लोअर जोडायचा. लग्नानंतर चौथ्या वर्षी रूबेनने तो नवा घेतला, तेव्हा त्यांच्या घरात सोफा नव्हता. आयलीच्या आईने तेव्हाच म्हटलं होतं, "या माणसाने बायको आणली ती ट्रॅक्टरला सोबत म्हणून." पंचेचाळीस हिवाळे रूबेनने उघड्यावर बसून बर्फ काढला. ज्यांच्या ट्रॅक्टरवर कॅब असे त्यांना तो 'फोन बूथमधले' म्हणायचा. तोंडावर बर्फ आला नाही तर वारा फिरल्याचं माणसाला कळणार कसं, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. बर्फ पडायचा थांबला आणि रूबेनचा ट्रॅक्टर सुरू झाला नाही, असं त्या रस्त्यावर कधी घडलेलं नव्हतं.

म्हणूनच ऑक्टोबरात जुन्या कॅबची जाहिरात कात्रीने कापून त्याच्यापुढे ठेवताना आयलीने मनात पाच-सहा मुद्दे तयार ठेवले होते. थंडी छातीत बसते. डॉक्टर बाहेर बसू देणार नाहीत. सामानासकट कोण देतं आजकाल. त्यातला एकही काढावा लागला नाही. रूबेनने जाहिरात वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, "बरी दिसते. फोन कर त्याला." तिला उलट वाईटच वाटलं. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"नाकापेक्षा मोती जड," डेल्बर्ट मागे सरून कॅबकडे बघत म्हणाला. "ट्रॅक्टर दिसेना झाला."

"दार मोजलंस का गॅरेजचं?" रूबेनने विचारलं.

"दोनदा."

"नाहीतर कोस्कीसारखं व्हायचं."

कोस्कीने गॅरेजच्या आतच ऐटीत कॅब चढवली आणि मग दरवाज्याची वरची फळी कापून ट्रॅक्टर बाहेर काढला, ही गोष्ट रस्त्यावरच्या प्रत्येकाने शंभरदा ऐकली होती. तरी तिघं हसले. हसता हसता रूबेनला खोकला लागला. तो थांबेपर्यंत डेल्बर्टने एकच बोल्ट तीनदा घट्ट केला.

डेल्बर्ट तेर्वो पलीकडच्या घरात राहायचा. तीस वर्षं सरकारी रस्त्यांवर बर्फ सारणारा नांगराचा ट्रक चालवून आता घरी बसला होता. बोलायला रांगडा, पण हाताला हलका. ही कॅब नव्या जातीच्या ट्रॅक्टरसाठी केलेली. जुन्याला तिचे पाय बसेनात, म्हणून लोखंडी पट्ट्या कापून, वाकवून, भोकं जुळवून त्याने दोन दिवसांत चारही पाय बसवले होते. आता खरी अडचण पुढे होती. ब्लोअरमधला बर्फ जिथून उडतो ती सोंड फिरवायला या जुन्या ट्रॅक्टरला एक लांब दांडा होता. तो बॉनेटवरून थेट चालवणाऱ्याच्या हातापर्यंत यायचा. कॅबची पुढची काच, म्हणजे काच म्हणायची, होतं जाड प्लॅस्टिकच, तिथे दांड्याला वाट नव्हती. काच कापायला लागणार होती, आणि एकदा कापली की कापली.

"कुठे कापायचं ते बसणाऱ्याच्या हातावर आहे," डेल्बर्ट म्हणाला. "आयली, बस बघू वर. माप घेतो."

"माझं कशाला? चालवणार रूबेन."

ती पटकन बोलून गेली. हे वाक्य ती गेले दोन महिने या ना त्या रूपात बोलत होती, त्यामुळे ते तोंडात तयारच असायचं.

सप्टेंबरात तपासण्यांचे कागद घेऊन डॉक्टर खोलीत आले तेव्हा रूबेन खुर्चीवरून उठला होता. "तुम्ही हिला सांगा. मी गाडी गरम करतो," म्हणून चालू लागला होता. डॉक्टरांनी तिला सांगितलं. फेब्रुवारी, फार तर मार्च. ती खाली आली तेव्हा गाडीत हीटर चालू होता, बाहेर मात्र चांगलं ऊन होतं. "काय म्हणाले?" त्याने विचारलं. "औषध बदललंय," ती म्हणाली. "हिवाळा जरा जपायचं. उन्हाळ्यापर्यंत ठणठणीत." त्याने एकदा मान हलवली आणि गाडी काढली. तेव्हापासून हे खोटं तिने तान्ह्या मुलासारखं सांभाळलं होतं. त्याला कळलं तर तो त्याच दिवशी अंथरूण धरेल आणि उठणार नाही, अशी तिची खात्री होती. कॅबही त्या खोट्याचाच एक भाग होती. पुढच्या हिवाळ्यांसाठी माणूस कॅब घेतो, नाही का?

पण त्या खोट्याच्या आत आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिने डेल्बर्टलाही सांगितली नव्हती. या हिवाळ्यात ट्रॅक्टरवर तीच बसणार होती. त्यांच्या रस्त्यावर एखादीचा नवरा गेला की पुढच्या बर्फापासून तिच्या दारची वाट कुणीतरी साफ करून जातं. कुणी विचारत नाही, कुणी आभार मानत नाही. फार तर पायरीवर गरम पाव ठेवला जातो. मात्र घरात माणूस जिवंत असेल, मग त्याचा पाय प्लॅस्टरमध्ये का असेना, तर त्याच्या वाटेला कुणी हात लावत नाही. तो त्याच्या जिवंतपणी त्याच्या थडग्यावर फुलं ठेवण्यासारखा अपमान. रूबेन डोळ्यांनी बघत असताना आपल्या वाटेवर दुसऱ्याचं यंत्र येता कामा नये, एवढंच आयलीला हवं होतं. कॅबमध्ये कोण बसलंय हे रस्त्यावरून कुणाला दिसणार?

"तीच बसू दे," रूबेन बादलीवरून म्हणाला. "मला आता उठवू नका. माझं काय, मी कसाही जमवून घेईन."

ती चढली. डेल्बर्टने दांडा तिच्या हाताशी धरला आणि पेन्सिलने काचेवर खूण केली.

"खांदा वर जातोय तिचा," रूबेन म्हणाला. "चार बोटं खाली घे."

"मग तुला वाकावं लागेल," आयली म्हणाली.

"वाकेन. इतकी वर्षं कुणापुढे वाकलो नाही, आता ट्रॅक्टरपुढे वाकेन."

डेल्बर्टने चार बोटं खाली खूण केली. सीटही तिच्या पायाला पुरेल इतकी पुढे घेऊन आवळली. आयलीला मनातून सुटल्यासारखं झालं आणि लगेच तसं वाटल्याची लाजही वाटली. नवऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याची जागा आपल्या मापाने करून घेणारी बाई कसली, असं तिच्या मनात आलं.

डेल्बर्टने बारीक करवतीने काच कापली, कडेला रबराची पट्टी लावली, प्लॅस्टिकची दारं चेनीने अडकवली. शेवटी मागच्या बाजूची खालची चेन दाखवत तो म्हणाला, "ही कधी पूर्ण बंद करायची नाही. धूर आत कोंडला तर झोप येते, आणि मग उठायचं राहून जातं." हे तो रूबेनला सांगत होता, पण बघत होता तिच्याकडे.

"कळलं," आयलीच म्हणाली.

त्या आठवड्यात रूबेनने तिला ट्रॅक्टर शिकवला. कारण असं सांगितलं की शिकारीचा हंगाम येतोय, मी रानात असलो आणि बर्फ पडला तर? तिनेही ते कारण निमूटपणे घेतलं. घर ते टपालपेटी, टपालपेटी ते घर. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून बघायचा आणि ती आत आली की चुका सांगायचा. ब्लोअर उचलल्याशिवाय मागे जाऊ नकोस. वाऱ्याकडे तोंड करून फेकलास तर आपलाच बर्फ आपल्याच तोंडावर. गिअर मऊ हाताने, ते पीठ मळणं नाही.

"लग्नानंतर पहिल्यांदाच मला शिकवतोयस," ती एकदा म्हणाली.

"नाच शिकवला होता."

"तो मी तुला शिकवला होता."

"तेच ते," रूबेन म्हणाला.

हरणांच्या शिकारीचा हंगाम पंधरा तारखेला उघडला. रूबेन रानात गेला नाही. बंदूक पुसून परत कपाटात ठेवली. मुलाचा टेक्ससहून फोन आला, तर त्याला म्हणाला, "यंदा हरणांना सुट्टी दिली." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सरोवरावरून वारा सुटला आणि सकाळी दार उघडलं तर गुडघ्याच्या वर बर्फ.

आयली उठून आली तेव्हा रूबेन स्वयंपाकघरातल्या बाकावर बसला होता. एक बूट घातलेला, नाड्या बांधलेल्या. दुसरा हातात. तो किती वेळ तसा बसला होता कोण जाणे, कारण चुलीवरची कॉफी कढून काळी झाली होती.

"आज तू जा," तो म्हणाला. "मी उद्या काढतो."

"हो. उद्या तू."

"माझं जाकीट घाल. तुझ्या कोटात वारा शिरतो. आणि टोपी."

तिने जाकीट घातलं. त्याने हात लांबवून तिच्या टोपीचे कानपट्टे खाली ओढले आणि हनुवटीखाली बांधले, तेव्हा त्याची बोटं इतकी थंड लागली की ती दचकली.

"आपली झाली की सेन्यामुम्मूची काढून ये," तो म्हणाला. "ती सातला दारात येते."

मुम्मू म्हणजे फिनिश भाषेत आजी. सेन्या कुणाचीच सख्खी आजी नव्हती, तरी रस्त्यावर सगळे तिला मुम्मूच म्हणायचे. वय एकोणनव्वद, डोळ्यांत मोतीबिंदू, कानाने अधू. तिचा नवरा गेला त्या वर्षापासून, म्हणजे गेली एकतीस वर्षं, तिची वाट रूबेन काढत होता.

ट्रॅक्टर पहिल्या चावीला सुरू झाला. कॅबच्या आत इंजिनाची ऊब पायांशी येत होती, प्लॅस्टिकवर बर्फ आपटून घसरत होता. घरापासून रस्त्यापर्यंत आयलीने तीन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला सोंड वेळेवर फिरवायची राहिली आणि टपालपेटी पुरली गेली. तिने खिडकीकडे पाहिलं. तिथे रूबेनचा चेहरा होता, आणि लांबूनही तो हसत असल्याचं तिला कळलं. समोरून डेल्बर्टची गाडी गेली. डेल्बर्टने स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली, जशी तो रूबेनसाठी उचलायचा. तिनेही दोन बोटं उचलली. त्या क्षणी तिला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. जमतंय, असं वाटलं.

सेन्यामुम्मूच्या वाटेवर चढ आहे. तो चढून वर जाईपर्यंत तिच्या श्वासाने प्लॅस्टिकच्या खिडक्या आतून पांढऱ्या झाल्या होत्या. पायरीपाशी तिने ट्रॅक्टर वळवला, इंजिन हळू केलं आणि बाहीने काच पुसू लागली, तोवर दार उघडलं होतं. अंगावर शाल, पायात नवऱ्याचे जुने बूट, हातात फडक्यात बांधलेला वेलदोड्याचा गोड पाव. म्हातारी एकेक पाऊल टाकत थेट कॅबच्या दाराशी आली.

"रूबेन," ती म्हणाली, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात. "शेवटी फोन बूथमध्ये शिरलास ना?"

आयलीने चेन उघडायला हात उचलला. मुम्मू, मी आहे, असं म्हणायचं होतं. पण म्हातारीचं बोलणं सुरूच होतं.

"उघडू नकोस, ऊब जाईल. मी काय म्हणते ते ऐक फक्त. सांगितलंस का तिला?"

आयलीचा हात चेनीवरच राहिला.

"नाही ना? मला माहीत होतं. एप्रिलपासून मी तोंड शिवून बसलेय, रूबेन. चर्चमध्ये ती माझ्या शेजारी बसते, माझा हात धरून पायऱ्या उतरवते, विचारते मुम्मू बरी आहेस ना. आणि मला माहीत आहे की तू फार दिवसांचा नाहीस, आणि तिला नाही. हे काय बरं आहे? बायकोच्या आधी शेजारणीला सांगतात का?"

इंजिन धडधडत होतं. प्लॅस्टिकपलीकडे म्हातारी नुसती एक करडी आकृती दिसत होती.

"या पायरीवर बसून तू विचारलं होतंस, मुम्मू, एकटं पडल्यावर पहिला हिवाळा कसा जातो. मला आयुष्यात कुणी असं विचारलं नव्हतं. मी काय सांगितलं ते आठवतंय ना? प्रेत उचललं तेव्हा मी रडले नाही. जेवायला एकच ताट घेतलं तेव्हाही नाही. पहिल्या बर्फाला पहाटे दारात दुसऱ्याच्या यंत्राचा आवाज आला, तुझ्याच, तेव्हा उशीत तोंड खुपसून रडले. तू चांगलंच करत होतास. पण तो आवाज आमच्या मार्टीच्या यंत्राचा नव्हता." म्हातारी थांबली. नाक पुसलं. "तेव्हा डेल्बर्टला तिच्या वाटेचं सांगायचं म्हणत होतास, ते तरी बोललास का त्याच्याशी? बरं, जाऊ दे. मी कोण सांगणारी. पाव बॉनेटवर ठेवते, गरम राहील. तिला दे. आणि सांग तिला, रूबेन. बायकांना आधी कळलं तर आधी रडून घेता येतं."

तिने प्लॅस्टिकवर दोनदा थोपटलं, घोड्याच्या मानेवर थोपटावं तसं, आणि वळली. तिचं दार लागेपर्यंत आयली हलली नाही.

मग तिने वाट पूर्ण केली. कशी केली ते तिला नंतर आठवलं नाही, पण कडा नीट कापल्या होत्या आणि सोंड प्रत्येक वळणावर फिरवली होती. खाली रस्त्याला लागल्यावर झाडांच्या आडोशाला तिने ट्रॅक्टर थांबवला, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. मोठ्याने रडली. एप्रिल, मे, जून, ती महिने मोजत होती. बटाटे लावले तेव्हा त्याला माहीत होतं. जुलैत मुलगा नातवंडांना घेऊन आला, सगळे सरोवरावर मासे धरायला गेले, तेव्हाही त्याला माहीत होतं. सप्टेंबरात तो खुर्चीवरून उठला आणि गाडी गरम करायला गेला, ते आपल्याला एकटीला ऐकू द्यावं म्हणून. आपण त्याच्यापासून लपवत होतो आणि तो आपल्यापासून, एकाच ताटावर जेवून, एकाच पांघरुणात झोपून. तिला त्याचा राग आला, इतका की हातमोज्यातल्या मुठी दुखल्या. आणि रागाच्या तळाशी रागासारखं काहीच नव्हतं.

चारी बाजूंचं प्लॅस्टिक पांढरं झालं होतं. समोरून दोन गाड्या गेल्या. थांबलेल्या कॅबकडे पाहून दोघांनीही हॉर्न वाजवला, रूबेन थोडा दम खातोय असं समजून.

ती घरी आली तेव्हा रूबेन टेबलाशी होता. दोन्ही पायांत आता मोजेच होते. बूट दाराशी जोडीने ठेवले होते. तिने पाव टेबलावर ठेवला आणि जाकीट न काढताच समोर बसली.

"मुम्मू भेटली?"

"भेटली."

"काय म्हणाली?"

आयलीने टोपीची गाठ सोडायचा प्रयत्न केला. गाठ सुटेना. तिने हात खाली घेतले.

"तिला वाटलं, कॅबमध्ये तू आहेस."

रूबेनने फडकं उलगडलं. पावाची वाफ वर आली. त्याने सुरी घेतली, पण कापलं नाही. तिने काही सांगायच्या आधीच सगळं त्याच्या लक्षात आलं होतं.

"एप्रिलमध्ये तू ट्रॅक्टरचा पट्टा आणायला शहरात गेला होतास," ती म्हणाली. "दिवस घालवून आलास. म्हणालास, पट्टा मिळाला नाही."

"मिळाला होता. गाडीतच आहे सीटखाली."

"डेल्बर्टला सांगितलंस का? माझ्या वाटेचं?"

"सांगितलं होतं. जूनमध्ये. लगेच हो म्हणाला." त्याने सुरी खाली ठेवली. "मग तू ती जाहिरात घेऊन आलीस. तू मला थंडीचं काहीतरी सांगत होतीस आणि मी बघत होतो, तू कात्रीने किती नीट कापलीयेस ती. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला म्हटलं, राहू दे. तिच्या दारात आवाज तिच्याच यंत्राचा येईल. तू फक्त तिच्या मापाची बसवून दे."

आयलीने टेबलाची कड धरली. मडगार्डला भोक पाडताना त्याने मिटलेले डोळे तिला दिसले, आणि 'चार बोटं खाली घे' म्हणणारा त्याचा आवाज ऐकू आला.

"डॉक्टर फेब्रुवारी म्हणाले," ती म्हणाली. दोन महिने तोंडात धरून ठेवलेला शब्द तिने एकदाचा टेबलावर ठेवला. "फार तर मार्च. उन्हाळा नाही म्हणाले, रूबेन. उन्हाळा मी म्हणाले."

"मला एप्रिलमध्ये ऑक्टोबर म्हणाले होते," तो म्हणाला. "आज अठरा नोव्हेंबर. म्हणजे आपण पुढेच आहोत."

तिला हसू आलं. हसू आलं याचंच तिला इतकं वाईट वाटलं की ते अर्ध्यावर मोडलं आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रूबेन टेबलाला धरून उठला. दोन पावलांचं अंतर त्याने तीन थांब्यांत पार केलं, तिच्यामागे उभा राहिला आणि हनुवटीखालची गाठ सोडवू लागला. त्याला वेळ लागला. तिने मदत केली नाही.

बाहेर पुन्हा बर्फाचे मोठमोठे पुंजके पडायला लागले होते. वाट अर्धी पांढरी झालीसुद्धा. घड्याळात आठ वाजत आले होते, आणि सवयीने, किंवा रडू आवरायला काहीतरी हवं म्हणून, ती खुर्ची मागे सारून उठू लागली.

"परत एक खेप मारून येते. साचायच्या आत."

रूबेनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला आता वजन उरलं नव्हतं, पण ती खाली बसली.

"बस," तो म्हणाला. "साचू दे आज."